गाल पाहून विकलेले शेअर

आमच्या घाटंजीत कोणी कंपनीचा वार्षिक अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला, तर लोक त्याला हसायचे. अहवाल वाचायचा तो मागून. ही रीत कापसाच्या बाजारातली. भरून आलेल्या गाडीत वरचा थर नेहमी पांढराशुभ्र असतो, आणि ओला, किडीनं कवडी पडलेला, काडीकचऱ्याचा माल तळाशी. म्हणून घेणारा माणूस वर पाहतसुद्धा नाही. तो बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालतो आणि तळातला पुंजका बाहेर काढतो. माझ्या बाबांनी आयुष्यात कधी कापूस विकला नाही. ते पंचायत समितीत हिशेबाच्या टेबलावर होते. पण अहवालाला त्यांनी हीच रीत लावली होती. पुढच्या गुळगुळीत पानांवर अध्यक्षांचा फोटो, हिरवीगार शेतं आणि ‘आव्हानात्मक परिस्थितीतही समाधानकारक वाटचाल’. हा झाला वरचा थर. तळ म्हणजे शेवटची बारीक अक्षरांतली टिपणं: कोर्टात काय अडकलंय, कोणाला उधार दिलंय, कोणत्या संचालकाच्या मेव्हण्याकडून सरकी घेतली. बाबा तिथून सुरुवात करायचे.

कंपनी जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढण्याची, आणि सरकीच्या तेलाची. कचेरी यवतमाळला, जिनिंग जिल्ह्यात चार ठिकाणी. फार पूर्वी तिनं शेअर विकायला काढले, तेव्हा आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी तंबू ठोकून लाउडस्पीकर लावला होता म्हणे. लोकांनी भांडी घ्यावीत तसे शेअर घेतले. किराणावाल्यांनी घेतले, मास्तरांनी घेतले, बाबांनी घेतले, आणि एसटी स्टँडसमोर गॅरेज चालवणाऱ्या चाचांनीही घेतले. चाचा मोटारसायकली आणि शेतातली डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस. माणसाचं दुखणंही आपण तसंच ओळखतो, असा त्यांचा दांडगा समज होता. त्या समजापायी पुढे काय झालं, ते सांगतेच.

अहवाल टपालानं आला की संध्याकाळी गॅरेजात वाचन व्हायचं. अहवाल इंग्रजीत, बाबा अर्थ सांगणार, बाकीचे प्रश्न काढणार. ते प्रश्न घेऊन मंडळी वार्षिक सभेला यवतमाळला जायची. एका वर्षी चाचांनी सभेत उभं राहून त्या मेव्हण्याबद्दल विचारलं, सरकी त्याच्याकडूनच काहून घेता म्हणून. अध्यक्ष गडबडले, पण पुढच्या वर्षीच्या अहवालात मेव्हण्यावर आख्खा एक परिच्छेद आला. चाचांनी तो काळ्या बोटानं सगळ्यांना दाखवला आणि हा आपला परिच्छेद आहे असं जाहीर करून टाकलं. तेव्हापासून गॅरेजला चटकच लागली. आपण विचारलं की छापून येतं, आणि छापून आलं की विचारायला आणखी काहीतरी सापडतं.

मी बी.कॉम. होऊन त्याच कंपनीत नोकरीला लागले, तेव्हा मला या खेळाची दुसरी बाजू दिसली. कंपनीच्या सेक्रेटरी साहेबांच्या हाताखाली माझं टेबल होतं. गृहस्थ शिस्तीचे, कोरडे, पण मनानं चांगले. घाटंजीची मंडळी अहवाल मागून वाचतात हे मी त्यांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. पुढच्या वर्षी अवघड मजकूर मधल्या पानांत गेला, पर्जन्यमानाचा तक्ता आणि वृक्षारोपणाचे फोटो यांच्या बेचक्यात. गॅरेजनं तो एका संध्याकाळीत शोधून काढला. त्यानंतर साहेबांनी हात टेकले आणि सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बियाण्यांच्या नव्या पाकिटांचा नुसता गाजावाजा, पेपर उघडावा तर नकोशी बातमी. कापसावर चालणाऱ्या कंपनीचं काय होणार, हा प्रश्न ज्याच्याजवळ पाच शेअर होते त्यालाही पडलेला. उत्तर मिळण्याची जागा एकच, दर तिमाहीला पेपरात येणारे निकाल. ते मराठीतही छापावे लागत आणि ते मराठी करायचं काम माझ्याकडे होतं. ‘अलेखापरीक्षित वित्तीय निष्कर्ष’ असा मथळा असायचा. हे मराठी आहे असं आम्ही मानायचो आणि वाचणारे आपलं नशीब समजून पान उलटायचे. मी एकदा साहेबांना म्हटलं, हे लोकांना कळत नाही. ते म्हणाले, कायद्यानं छापायला सांगितलंय, कळायला पाहिजे असं कुठं सांगितलंय.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून समज दिली होती. निकाल पेपरात येईपर्यंत आकड्यांबद्दल घरात, दारात, कुठेही चकार शब्द काढायचा नाही. त्या काळात कंपनीतल्या माणसानं आणि त्याच्या घरच्यांनी शेअर घ्यायचे नाहीत, विकायचे नाहीत. मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. ते बरं म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी मला कंपनीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. साधा, आज काम फार होतं का, एवढाही नाही. अहवालावर तासन्‌तास बोलणारा माणूस माझ्यासमोर फक्त भाजी आणि पाऊस यांवर बोलू लागला. मला तर रागच आला होता. लेक कंपनीत काम करते, जरा कौतुक असावं की नाही?

बाकीचं गाव मात्र कसर भरून काढत होतं. तोंडानं विचारायची सोय नव्हती, कारण मी सांगणार नाही हे चाचांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. म्हणून लोक मला वाचायला लागले. मी यवतमाळला खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायची. उतरले की गॅरेजात चाचांकडचा एक चहा ठरलेला. मी नवी साडी नेसून आले की तिमाही चांगली. पिशवीत पेढ्यांचा पुडा दिसला की तिमाही फारच चांगली. खरं तर पेढे आईनं मागवलेले असायचे, पण गावात शेअरची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एजंटला सोमवारी सकाळी दोन-चार गिऱ्हाईकं जास्त मिळायची. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर मी आपली मजेत साड्या नेसत होते.

मग माझी अक्कलदाढ दुखायला लागली. दिवस नेमके निकालाच्या आधीचे. गाल सुजून पुरीसारखा झाला. शनिवारी डोक्यावरून ओढणी घेऊन, गाल झाकून एसटीतून उतरले आणि कोणाकडे न पाहता तडक घरी गेले. चाचांनी चहाचा कप उंच धरून दाखवला, मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं तर कळ मस्तकात जात होती. घरी दारातच बाबांनी माझ्याकडे पाहिलं, दाढ का म्हणून विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत लवंग आणायला आत गेले. रविवारी मी अंथरुणातून उठले नाही. गावात कोणाला दिसले नाही.

सोमवारी एजंटच्या दुकानापुढे ही गर्दी. पोरगी बोलली नाही, चहा प्यायली नाही, तोंड झाकून गेली, रविवारभर घराबाहेर पडली नाही, तेव्हा कंपनीचं काही खरं नाही असं गॅरेजनं ठरवून टाकलं होतं. चाचांनी विकले, मास्तरांनी विकले, किराणावाल्यांनी तर दुकान बंद ठेवून रांग लावली. आमच्या कंपनीचे शेअर रोज फारसे हलत नसत. त्यामुळे एका गावानं विकायला काढले तेवढ्यानंही भाव घसरला. तो घसरलेला पाहून नागपुरातल्या लोकांना वाटलं, कोणाला तरी काहीतरी कळलंय, म्हणून त्यांनी विकले. मग भाव आणखी खाली. दोन दिवसांत शेअर बाजाराकडून कंपनीला विचारणा आली, की तुमचा भाव असा का पडतोय, लोकांपासून काही दडवलंय का.

दडवलेलं काहीच नव्हतं. ती तिमाही, खरं सांगायचं तर, बऱ्यापैकी होती. बोलायला कारणच नाही अशी.

सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावलं तेव्हा अजूनही माझा गाल उतरला नव्हता. विक्री घाटंजीतून सुरू झाली, हे त्यांना कळलं होतं. आकडे ठाऊक असलेली घाटंजीची माणसं कंपनीत किती, तर मी एकटी. ते ओरडले नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरले. माझ्या घरच्या कोणीही या बंद काळात शेअर विकलेले नाहीत, असं मी लिहून द्यावं. देता येत नसेल तर त्यांना माझं नाव वर कळवावं लागेल, आणि मग नोकरी राहणार नाही. नोकरीचं जाऊ द्या, बाहेर बातमी फोडणारी म्हणून जिल्हाभर नाव झालं असतं ते निराळंच. मी एका दिवसाची मुदत मागितली. बाबांचे शेअर होते हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी विकले का, हे माहीत नव्हतं. गावानं विकले, चाचांनी विकले, मग बाबांनीही विकले नसतील कशावरून?

दुपारच्या एसटीनं घरी गेले. बाबा ओसरीवर तूर निवडत बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, तुम्ही शेअर विकले का.

“हो,” ते म्हणाले.

मी तिथेच पायरीवर बसले. माझा चेहरा पाहून त्यांना बहुतेक उलगडा झाला, कारण त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“आता नाही वं. तुह्यं नेमणुकीचं पत्र आलं ना, त्याच दिवशी इकून टाकले. माह्याजवळ एकबी शेअर नाही.”

मी एकामागून एक विचारत गेले. मग गॅरेजातलं वाचन? ते चाचांच्या प्रतीवर चालायचं. सभेला का जात नव्हते? शेअरच नाहीत तर कोणत्या हक्कानं जाणार, म्हणून गुडघ्याचं निमित्त सांगत होते. आणि हे आम्हाला, आईलासुद्धा का सांगितलं नाही? सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ठेवले असते तरी चाललं असतं, फक्त त्या दिवसांत विकायचे नव्हते. त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“ठेवले असते तर तू एसटीतून उतरली का मीबी तुह्या तोंडावर भावच पाह्यला असता. सगळं गाव तेच पाहून राह्यलं होतं. मले पोरीचं तोंड पाहाचं होतं.”

मी रडले. दाढ दुखत होती म्हणून नाही. या माणसावर आपण दोन वर्षं रुसून बसलो होतो, याचं वाईट वाटलं आणि इतका आनंदही झाला की रडू आवरेना. आईनं आतून विचारलं काय झालं, तर बाबा म्हणाले, दाढ.

दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं. पण साहेबांपुढे अर्धाच प्रश्न सुटला होता. घरच्यांनी विकले नाहीत, ठीक; मग गावाला सांगितलं कोणी? त्याचं उत्तर द्यायला चाचा स्वतः यवतमाळला आले. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं होतं आणि माझी नोकरी धोक्यात आहे म्हटल्यावर ते गॅरेज बंद करून निघाले होते. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, हातावरचं काळं मात्र तसंच.

“साहेब, पोरीनं एक शब्द नाही सांगतला,” ते म्हणाले. “आम्ही तिचा गाल पाह्यला.”

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. चाचांनी समजावून सांगितलं: गाल सुजेल होता, पण ओढणीत सूज दिसली नाही, नुसतं झाकलेलं तोंड दिसलं. चहा हमेशा घेते, त्या दिवशी घेतला नाही. मग अंदाज बांधला. इंजिन आवाज करत नाही तेव्हाच खरी भीती वाटते, हेही त्यांनी सांगून टाकलं. साहेब माझ्याकडे, माझ्या गालाकडे पाहत राहिले. तो कोरडा माणूस हसायला लागला तो थांबेचना. शेवटी चष्मा काढून डोळे पुसले. मग चाचांसाठी चहा मागवला आणि चाचांनी तो पिता पिता, आपले शेअर आता कोणत्या भावानं परत मिळतील, याची चौकशी करून घेतली. साहेबांनी नम्रपणे सांगितलं, की ते सांगता येणार नाही. पुढे निकाल पेपरात आल्यावर चाचांनी आणि गावानं ते परत घेतलेच.

शेअर बाजाराला काय कळवायचं, हा प्रश्न होताच. दाढेचं काही लिहिता येईना. ‘भाव पडावा अशी कोणतीही माहिती कंपनीनं दडवलेली नाही’ असं एक कोरडं वाक्य गेलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. चाचा गेल्यावर मात्र साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. मग मला म्हणाले, “लोक तुमचा गाल वाचतात, कारण आपण छापतो ते त्यांना वाचता येत नाही. यापुढं एक पान साध्या मराठीत लिहा. तुमच्या चाचांना कळेल असं.”

ते पान मी लिहिलं. तिमाहीच्या निकालाबरोबर, त्याच दिवशी, सगळ्या भागधारकांना टपालानं जाईल असं. त्या पानात पेपरात छापल्यापेक्षा वेगळं काही नसायचं, फक्त कळायचं. कापूस किती आला, गेल्या वर्षीपेक्षा कमी का जास्त, तेल कुठे खपलं, कुठे नाही. पोस्टकार्डांचा पाऊस पडला. कोणी विचारलं, सरकीच्या ढेपेचा भाव वाढला, तो कंपनीला कसा लागला? कोणी विचारलं, अध्यक्षांचा फोटो दर वर्षी तोच का? मी ती पत्रं जुळवून पुढचं पान त्यांच्या उत्तरानं सुरू करायची. फोटोसुद्धा बदलला. नव्या फोटोत अध्यक्ष एकदम म्हातारे दिसले, त्याबद्दल वेगळी पत्रं आली.

खरी परीक्षा कंपनीच्या चारपैकी मुकुटबनच्या जिनिंगनं पाहिली. त्या भागातला कापूस राज्याच्या सीमेपलीकडचे व्यापारी उचलू लागले होते, आणि एका हंगामात ते जिनिंग बंद ठेवायचं ठरलं. वर काही जणांचं मत होतं की पानात हे नको, शेवटच्या टिपणांत एक ओळ टाकू. साहेब म्हणाले, टिपणं ते आधी वाचतात. तेव्हा पहिल्याच ओळीत लिहिलं: मुकुटबनचं जिनिंग यंदा बंद राहील, त्यामुळे नफा कमी होईल, आणि पुढच्या वर्षी सुरू होईलच असं आज सांगता येत नाही. त्या शनिवारी मी जीव मुठीत धरून एसटीतून उतरले. चाचांनी चहा पुढे केला. कंपनीचं वाईट आहे, पण तोंडावर सांगून वाईट आहे, एवढंच ते म्हणाले आणि एका मोटारसायकलचा प्लग काढायला लागले. भाव थोडा उतरला आणि तिथेच थांबला. एजंट कुरकुरला, की हल्ली सोमवारी गिऱ्हाईकच येत नाही.

पुढे मला वणीला कॉलेजात वाणिज्य शिकवायची नोकरी मिळाली आणि मी कंपनी सोडली. माझा शेवटचा दिवस भरला, त्याच आठवड्यात बाबा एजंटकडे गेले आणि शेअर घेऊन आले. आईनं विचारलं, या वयात कशाला. आता पोरगी मोकळी झाली, मीही झालो, असं त्यांनी तिला सांगितलं.

त्या वर्षी वार्षिक सभेला मी बाबा आणि चाचांबरोबर गेले. भागधारक नसले तरी दारावरच्या माणसानं ओळखून मला मागच्या रांगेत बसू दिलं. जुने साहेब निवृत्त झाले होते. नवे सेक्रेटरी तरुण आणि हुशार, अहवाल पूर्वीपेक्षा जाड आणि रंगीत होता. फक्त साध्या मराठीतलं पान त्यात नव्हतं आणि टपालानं येणारंही बंद झालं होतं. मला वाईट वाटलं, पण मी आता कोण बोलणार?

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा बाबा उभे राहिले. सदऱ्याची कॉलर त्यांनी दोनदा नीट केली. आपलं नाव सांगितलं, शेअर किती ते सांगितलं, आणि म्हणाले, “गेल्या सालापर्यंत आमाले एक पान येत राहे. साध्या बोलीतलं. यंदा ते काहून नाही?”

नव्या साहेबांनी अदबीनं उत्तर दिलं. ते पान कायद्यानं बंधनकारक नव्हतं, बंधनकारक सगळी माहिती अहवालात आहेच. शिवाय ते लिहिणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या.

“गेली, ते मले माहीत आहे. माह्यीच पोरगी होय ते,” बाबा म्हणाले. “लिवणारी गेली, साहेब. वाचणारे इथंच आहेत.”

आणि ते खाली बसले. चाचांनी मागे वळून मला शोधलं. पण मी ओढणीनं तोंड झाकून घेतलं होतं, त्यामुळे त्यांनी काय अंदाज बांधला, कोण जाणे.

पुढच्या वर्षी ते पान परत आलं. कोणी लिहिलं होतं, मला अजून माहीत नाही. चांगलं लिहिलं होतं.